त्याच पुस्तकातली ओळ

ओढ्यापलीकडून पाठलाग करणाऱ्यांच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येऊ लागलं, तेव्हा हॅना नावाच्या अनोळखी विधवेच्या स्वयंपाकघरात केझाया उभी होती. अमेरिकेत मेरीलँडमधल्या मालकाच्या तंबाखूच्या मळ्यातून पळून तिला पाच दिवस झाले होते.

"गुलामांनी मालकाची आज्ञा पाळावी, असं बायबलमध्येच आहे. पाद्री दर रविवारी सांगतात," हॅना ओशाळून म्हणाली. "देवाच्या शब्दाविरुद्ध मी कशी जाऊ? तुला त्यांच्या हवाली करावंच लागेल."

"बाई, त्याच पुस्तकात आणखीही काही आहे." केझायानं टेबलावरचं बायबल ओढून भराभर पानं उलटली. वाचायला ती मळ्यावर चोरून शिकली होती. तिनं वाचलं, "मालकाकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या स्वाधीन करू नको."

हॅनानं ती ओळ स्वतः दोनदा वाचली. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. केझायाला आतल्या खोलीत ढकलून तिनं दार उघडलं.

"ती इथंच आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण न्यायाधीशाचा हुकूम आणल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही."

बाई खरं बोलली, म्हणजे मुलगी कुठं जात नाही, असं धरून ती माणसं शिव्या देत हुकूम आणायला गावाकडे दौडली. हॅनानं लगेच गाडीला घोडा जुंपला आणि दोघी भरधाव उत्तरेकडे निघाल्या.

"त्या ओळीपुढं काय लिहिलंय?" हॅनानं विचारलं.

"त्याला आवडेल त्या ठिकाणी त्यानं राहावं."

"मग सांग, कुठं राहायचंय तुला?"

केझाया पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "जिथं दिवसाउजेडी वाचता येईल तिथं."