मधल्या सुट्टीतला फोन

दुबईत ऊद मेथातल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुंदा आणि शमीम शेजारी शेजारी बसत. बोर्डाची परीक्षा सुरू होती, सगळ्यांच्या रजा बंद होत्या, आणि त्यातच हर्णैहून शमीमच्या भावाचा, हनीफचा, कुंदाला फोन आला.

"ताई, अब्बा गेले. दफनही झालं. शमीम तिथं एकटी आहे, तिला आत्ता कळू देऊ नका. इन्शाल्ला, पेपर संपले की आम्हीच सांगू."

तेव्हापासून कुंदाचा डबा तसाच घरी परत जात होता. मधल्या सुट्टीत शमीम फोन स्पीकरवर ठेवून आईशी बोलायची आणि कुंदाला सगळं ऐकावं लागायचं.

"अम्मा, अब्बांनी गोळी घेतली?"

"घेतली गो. आज बोंबील तळायला लावले नि दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर मलाच म्हणतात, मीठ कमी पडलं. आता झोपलेत."

"झोपू दे. उठवू नकोस," शमीम हसून म्हणायची.

आज फोन बंद झाला आणि कुंदाला राहवलं नाही. तिने शमीमचा हात धरला.

"शमीम, तुला एक सांगायचंय गं. अब्बा..."

"ठाऊक आहे, कुंदाताई. त्याच दिवशी मामेभावाच्या स्टेटसला पाहिलं."

"मग रोज गोळीचं विचारतेस कशाला?"

शमीमने डब्याचं झाकण लावलं.



"मी विचारते, म्हणून अम्माच्या घरी अब्बा अजून जेवतायत."