वाकून येणारा

"तो वाकलेला माणूस काढ म्हणून किती वेळा सांगायचं, हिल्डा?" दिग्दर्शक ड्यूगल पुन्हा माझ्यावर कावला.

"काढलाय रे बाबा! हा बघ, त्याचा फिल्मचा तुकडा टोपलीत पडलाय."

बहात्तर साली, सोहो भागातल्या आमच्या कोंदट खोलीत, एका रॉक मैफलीचा चित्रपट कापता कापता माझं डोकं पिकलं होतं. गायक रंगात आला की हा माणूस वाकून मंचावर यायचा, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडून माइकच्या वायरीला गुंडाळायचा आणि निघून जायचा. असे मदतनीस प्रत्येक मैफलीत असतात. हा मात्र इथे कापला की पुढच्या दृश्यात उगवायचा.

बँडवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुमचाच आहे."

त्यात माझ्या फिल्म बघायच्या यंत्राच्या दिव्याची वायर सैल. दिवा सारखा फडफडायचा. मी रोज बोंबलायचे, पण कोणी लक्ष देईल तर शपथ!

शेवटचं रीळ लावलं. तो आला, पण माइककडे गेलाच नाही. थेट कॅमेऱ्यापाशी आला, कपाळाला आठ्या घालून आत डोकावला आणि त्याने पट्टी तोडली. मग त्याच्या हाताने सगळं चित्र झाकलं.

"गेला का तुझा दिवा?" ड्यूगल खेकसला.

"चालू आहे," मी म्हटलं. आणि आज तो फडफडत नव्हता.

मी टेबलाखाली हात घातला. वायरीला नवी पट्टी गुंडाळलेली होती. तिचं चावलेलं टोक अजून ओलं होतं.