सुताराचे गुडघे

आत शाम्पूची बाटली पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर कसलाच आला नाही. सुतार हातात पेचकस घेऊन बाथरूमच्या दाराशी उभा राहिला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. दीड मिनिटात अख्खं दार उतरवून भिंतीला टेकवता आलं असतं. पण आत बायको होती, आणि तिने सांगून ठेवलं होतं, “मी आंघोळीला गेले की आत पाऊल टाकायचं नाही. जगबुडी आली तरी बाहेरून कळवायचं.”

“अगं, काय झालं?” त्याने बाहेरून कळवलं.

“काही नाही. बाटली पडली.”

पडली हे त्यालाही ऐकू आलं होतं. उचलल्याचं ऐकू आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या संधिवाताचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. अर्थ एवढाच, की तिचं शरीर तिच्याच सांध्यांशी भांडत होतं आणि भांडणाला त्याला सकाळचीच वेळ सोयीची वाटत होती. उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत. साबण हातातून निसटायचा, टॉवेल पिळला जायचा नाही, हात खांद्याच्या वर जायला आढेवेढे घ्यायचा. डॉक्टरांनी यादी दिली : भिंतीला दांडी, बसायला स्टूल, बोटांनी पिळायच्या नळाऐवजी मनगटाने ढकलायचा नळ, आणि दाराला आतून कडी नको. यादी तिने नीट वाचली, तिची घडी घातली आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल त्या दिवसापासून डुगडुगायचं थांबलं. “म्हातारीचं सामान माझ्या घरात नको,” ती म्हणाली.

महिन्यापूर्वी ती अर्धवट धुतलेल्या केसांनी बाहेर आली. “पाणी गेलं,” म्हणाली. पाणी गेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सुतार लंगडायला लागला.

गुडघे गेले, असं त्याने जाहीर केलं. मग स्वतःसाठी म्हणून दांडी बसवली, स्टूल केलं, नळ बदलला, साबण ठेवायला जाळीची पिशवी आणली. पंचाईत अशी झाली, की ती मनापासून त्याच्या काळजीला लागली. त्याला शिडीवर चढू देईना. रोज स्टुलावर बसूनच आंघोळ करायला लावी आणि बाहेरून विचारी, “दांडी धरलीत का?” तो छातीला गुडघे लावून, अंग चोरून बसे आणि म्हणे, “धरली.” पण त्याच्यानंतर ती आत गेली की स्टुलाचा पाय फरशीवर कुरकुरे, म्हणजे ती बसली. त्या कुरकुरीवर त्याचा पुढचा दिवस मजेत जाई.

राहता राहिली कडी. कडी काढायला निमित्त होईल असा आजार त्याला काही सापडत नव्हता. आणि दार होतं त्याच्या हातचं. घरासाठी त्याने मन लावून केलेली ती एकमेव वस्तू. चौकटीत असं घट्ट बसायचं, की वाऱ्यालाही परवानगी घ्यावी लागे.

“अजून उभे आहात का?” आतून आवाज आला.

“नाही.”

“गुडघे कसे आहेत?”

“दुखताहेत.”

“कुठला?”

त्याने खाली वाकून दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. “डावा.”

“काल उजवा होता. लिहून तरी ठेवत जा.”

सुताराने पेचकस या हातातून त्या हातात घेतला.

“आणि ती दांडी,” ती म्हणाली. “तुम्ही सहा फूट. दांडी बरोबर माझ्या कोपराला. तुमचं माप आयुष्यात पहिल्यांदाच चुकलं म्हणायचं?”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“लंगडताना बरे दिसत होतात.”

तो हसला. आतून हसू आलं नाही.

“हात वर जात नाहीये हो,” ती हळूच म्हणाली. “डोक्यावर शाम्पू तसाच आहे.”

“मग मला हाक मारायची की नाही?”

“तुमची नजर वाईट. कुठे सूतभर वाकडं दिसलं की रंधा शोधायला लागता. माझी बोटं बघितलीत का हल्ली? कशी एका बाजूला कललीत ती? आणि खांदे? आता मला बघून तुम्ही काय काय सरळ करणार?”

सुताराने दाराला तोंड लावून जमेल तसं उत्तर दिलं.

“सरळ तेवढं सगळं लोकांच्या घरी बसवून आलो गं. आपल्या घरात काय सरळ आहे? एक टेबल तरी आहे का?”

आत नाक ओढल्याचा आवाज झाला.

“रडतेस?”

“शाम्पू जातोय डोळ्यांत.”

“थांब. हलू नकोस. दांडी धरून बस.” त्याने वरच्या बिजागरीच्या स्क्रूत पेचकस घातला. “दीड मिनिटात दार उतरवतो.”

“कशाला उतरवताय? ओढा.”

“आतून कडी आहे ना!”

“कडी सरकवायला बोटं लागतात,” ती म्हणाली. “पंधरा दिवस झाले, दार नुसतं लोटून बसते मी. वाटलं, एकदा तरी ओढून बघाल.”