श्रावणातलं बीजगणित

रुक्मिणीबाई सातवीच्या पोरांना बीजगणित दर वर्षी मासळीवरच शिकवायच्या. तीन बांगडे आणि दोन बांगडे मिळून पाच बांगडे. पण तीन बांगडे आणि दोन सुंगटं, म्हणजे कोळंबी, एकत्र करायची नाहीत, बाजारात त्यांचे वाटे वेगळेच लागतात. एवढं सांगितलं की अख्खा वर्ग राशींना बिनचूक सरळ रूप देऊ लागे. यंदा मात्र तो धडा नेमका श्रावणात आला, आणि बाईंनी तर महिनाभर मासळीचं नावसुद्धा जिभेवर आणायचं नाही असा नेम धरला होता.

मग त्यांनी देवघरातली उदाहरणं घेऊन पाहिली.

"तीन जास्वंदी आणि दोन केळी मिळून काय होतं गो, दिव्या?"

"पूजा, बाई!"

वर्ग खो खो हसला आणि वह्यांमध्ये 3x + 2y चे पुन्हा 5xy झाले. चाचणी तर उद्यावर आलेली. नेम मोडावा की पोरांना नापास होऊ द्यावं? बाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात रामेश्वराची क्षमा मागितली आणि "तीन बां..." एवढं म्हणतात न म्हणतात, तोच मागच्या बाकावरून ग्लोरिया ओरडली, "थांबा, थांबा बाई! तुमचो श्रावण आसा, नाव घेव नकात!"



आणि उभं राहून तिनंच तोडगा सांगितला, "बांगड्याक x म्हणा, सुंगटाक y म्हणा. आमका सगळा कळतला!"