सागाची पाचर

नागपूरच्या दवाखान्यात गालाच्या कॅन्सरवर बिजलीचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन जिजाबाई सेलूला परतली, तेव्हा तिचा जबडा आखडला होता. दातांच्या फटीतून आंबीलसुद्धा जेमतेम जायची. डॉक्टरांनी रोज दातांत लाकडाची पाचर धरायला सांगितली होती, दर आठवड्याला थोडी जाड. नवरा डोमाजी सुतारच. त्याने सागाची पाचर घासून गुळगुळीत केली.

जिजाबाईने पदर तोंडावर ओढला. "लय दुखते. मले नाई जमत."

"जमते. मी बी धरतो तुह्यासंगं."

रोज सकाळी दोघं पाचरी दातांत धरून समोरासमोर बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात शेजारचा नत्थू आला. "डोमाजी, माह्या बंडीचं चाक कधी होईन?"

डोमाजीने पाचर न काढताच उत्तर दिलं. नत्थूला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो घाबरला. "काऊन गा, तुले बी शेक देल्ला का?"

जिजाबाईला हसू आवरेना. हसता हसता जबडा जरा जास्तच उघडला आणि तिची पाचर निसटून मांडीवर पडली. डोमाजीने ती पुसून पुन्हा तिच्यापुढे धरली.

"हे राहू द्या," दुखरा गाल दाबत ती म्हणाली, "आता याच्याहून जाडी बनवा."