इम्पोर्टेड माल

"कस्टम कडक झालं ना भाऊ! माल मुंबईलेच अडकून राहिला," म्हणत साकोलीच्या जिमवाल्या श्रावणनं हात झाडले. भंडाऱ्याची शरीरसौष्ठव स्पर्धा तोंडावर आली आणि विदेशी स्टेरॉइडच्या कॅप्सूल बंद! एकोडीच्या विक्कीला आपले दंड बसल्या जागी आटताना दिसू लागले. उरल्यासुरल्या दोन-चार तरी मिळतील म्हणून त्यानं थेट श्रावणचं घर गाठलं.

श्रावण नव्हता. त्याची आई ललिताबाई उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन ओसरीवर बसली होती.

"काकू, कस्टमनं सोडला का माल?"

"कायचं कस्टम रे बाप्पा! हात मोडला माहा. त्या कॅप्सुलात जवसाचं पीठ भरते कोण मंग? मीच ना!"

विक्कीनं आपला दंड दाबून पाहिला, पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि खो-खो हसत सुटला.

"हासून काय राहिला? आलाच हाय तं ते धानाचं पोतं आत ठेवून दे."

त्यानं पोतं उशीसारखं उचलून आत नेलं. ललिताबाई बघतच राहिली.

"काय खाऊन राहिला रे बाबू आजकाल?"

"तुमच्याच हातचं, काकू."