पान एक्केचाळिसावरची हरकत

काळ्या पोशाखातली इल्मी हापासारी सभागृहाकडे वळली आणि तुर्कू विद्यापीठात प्रबंधाच्या जाहीर परीक्षेच्या शेवटी प्रत्येक उमेदवार म्हणतो ते म्हणाली, "माझ्या प्रबंधावर कुणाची हरकत असेल, तर त्यांनी आता बोलावं."

सहसा कुणी बोलत नाही. लिओंहून आलेल्या परीक्षकांनी तर कागद आवरायला घेतले होते.

तिसऱ्या रांगेतून ताइस्तो कुरोनेन उठले. वय एक्क्याऐंशी.

इल्मीचा प्रबंध त्यांच्याच जुन्या गणिती प्रश्नावर होता. रंगीत चौकटींच्या, चारी दिशांना न संपणाऱ्या दोन नक्ष्या. प्रत्येक चौकटीचे ठरावीक शेजारी बघून तिचा रंग बदलायचा आणि एकीची दुसरी करायची; तशीच परतही आणायची. असा नियम असूच शकत नाही, हे कुरोनेननी तीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. इल्मीला तो नियम सापडला होता. मार्चमध्ये तिनं प्रबंध त्यांच्या घरी पाठवला. उत्तर आलं नव्हतं.

"पान एक्केचाळीस," कुरोनेन म्हणाले. "आपण लिहिता, 'कुरोनेन यांच्या सिद्धतेत एक किरकोळ उणीव राहिली आहे.'"

"हो." त्या एका वाक्यावर ती आणि तिच्या मार्गदर्शक दोन दिवस बसल्या होत्या.

"मी दोनदा तपासलं. तुझा नियम बरोबर आहे. सात बाय सात चौकटी बघायला हव्या होत्या. मी पाचावर थांबलो आणि पुढे काही नाही असं धरून चाललो." त्यांनी चष्मा काढला. "याला उणीव म्हणतात होय गं?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुम्हाला वाईट वाटेल असं लिहायचं नव्हतं मला."

"वाटलंच की. सगळा एप्रिल वाटलं. पण उद्या कुणी पोरं हे वाचतील, किरकोळ आहे, बुजवू या म्हणतील आणि चार वर्षं घालवतील. खोड ते."

इल्मीनं मार्गदर्शकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिनं पेन उचललं, ओळ खोडली, वर नवीन लिहिली. कुरोनेन उभेच होते.

"वाच."

"कुरोनेन यांचं प्रमेय चुकीचं आहे."

"मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नसेल."

तिनं पुन्हा वाचलं. मग ते बसले.